कोणत्या मुलीला?

१

ताईचं काम काय, हे सांगायला गेलं की ऐकणारा आधी हसे आणि मग विचारी, "म्हणजे नक्की काय?" ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची, पण त्यांत ना चित्रं, ना आवाज. स्क्रीनवर नुसती अक्षरं. 'तू एका अंधाऱ्या खोलीत आहेस. समोर दार आहे.' खेळणाऱ्याने खाली टाइप करायचं, 'दार उघड', की लगेच उमटायचं, 'दार करकरत उघडतं.' असल्या खेळांचे वेडे जगात मोजकेच असतात, पण ते फार चिवट असतात, आणि ताईचं घर त्यांच्याच जिवावर चाललं होतं.

गोष्ट लिहायचा तिचा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे धाकटाच म्हणत. खेळणाऱ्याचं वाक्य यंत्राला समजावून सांगायचं, हे ताईकडे. त्या भागाचं नाव दोघांनी दुभाष्या ठेवलं होतं. दुभाष्या आधी वाक्य फोडून बघतो, करायचं काय आणि कोणाला. मग आसपासच्या प्रत्येक वस्तूपाशी जाऊन विचारतो, "हे तुझ्याबद्दल आहे का?" एकीने हो म्हटलं तर काम होऊन जातं. दोघींनी हो म्हटलं तर बिचारा परत खेळणाऱ्याकडे येतो आणि विचारतो, "कोणती?"

या दुभाष्याची परीक्षा घ्यायला एखादं घर लागतं. या धंद्यातली जुनी सवय अशी की, जे घर आपल्याला डोळे मिटून चालता येतं तेच यंत्रात घालायचं, म्हणजे यंत्र कुठे चुकलं तर लगेच ध्यानात येतं. ताईने स्वतःचंच घर घातलं होतं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आतली खोली, बाल्कनी, तिच्या दारावरचा जाड निळा पडदा. हाक मारायला कोणीतरी माणूस हवं, म्हणून एक मुलगी घातली होती, आतल्या खोलीत.

खरी मुलगीही त्या दिवसांत आतल्या खोलीतच होती. तिचं लाडाचं नाव बिट्टी. दुसरीत शिकणारी ही बया शाळेच्या घसरगुंडीवरून उलटी चढायला गेली आणि पाय मोडून घेतला. पायाला प्लास्टर, शाळा बंद, बाबा बोटीवर नोकरीला आणि अजून परतायचे. दुपारभर घरात मायलेकी दोघीच. बिट्टी भिंतीला धरून चाले तेव्हा चांगला पाय हलकेच टप वाजे आणि प्लास्टरचा ठक. टप, ठक. टप, ठक. ताई कामाला बसली की मान वर करत नसे, पण कान त्या आवाजाकडे असे.

बिट्टीला घरात बसून आईची मदतनीस व्हायची फार हौस. "बिट्टी, रुमाल आण गं," म्हटलं की ती लंगडत येई, रुमाल आईच्या हाताशी ठेवी आणि ताई स्क्रीनवरून नजर न उचलता म्हणे, "शहाणी गं माझी." एवढ्या पगारावर बिट्टी खूश होती.

अशाच एका दुपारी ताईने टाइप केलं, 'मुलीला हाक मार'. रोज दहादा घ्यायची परीक्षा होती ती.

दुभाष्याने विचारलं, 'कोणत्या मुलीला? आतल्या खोलीतल्या, की पडद्यामागच्या?'

२

घाबरायचं त्यात काही नव्हतं. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला अशा चुका रोजच्याच. कुठेतरी मजकूर उचलून डकवताना मुलगी दोनदा डकवली गेली असणार, एवढंच. ताईने सगळा प्रोग्राम चाळला. मुलगी एकदाच होती, आतल्या खोलीत. पडद्याबद्दल तिने स्वतःच लिहिलेलं एकच वाक्य होतं, की तो निळा आहे.

तिने धाकट्याला फोन लावला.

"तू माझ्या परीक्षेच्या घरात काही लुडबुड केलीस का रे?"

"मी? तुझ्या घरात मी चहासुद्धा विचारून पितो. का गं?"

"मुलगी एकच आहे, आणि हा विचारतोय कोणती."

"जुळं झालं असेल," धाकटा म्हणाला. "पेढे कधी देतेस?"

ताई हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती उठून बाल्कनीच्या दाराशी गेली. स्वतःचंच हसू आलं तिला, पण गेली. पडदा सरकवला. मागे बंद दार, काचेबाहेर वाळत घातलेले कपडे. बाकी काही नव्हतं. पडदा सोडताना तिला वाटलं, कापड जरा कोमट लागतंय, कोणीतरी बराच वेळ टेकून उभं राहावं तसं. पण त्या दारावर ऊन येत होतं, आणि उन्हात कापड तापणारच.

"आई, काय शोधतेयस?" आतून बिट्टीने विचारलं.

"काही नाही. कपडे वाळले का बघतेय."

खुर्चीत बसून तिने पुन्हा तेच टाइप केलं. दुभाष्याने पुन्हा विचारलं, 'कोणत्या मुलीला? आतल्या खोलीतल्या, की कपाटाजवळच्या?'

कपाट पडद्याच्या अलीकडे, तिच्या खुर्चीच्या बाजूला होतं.

३

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं म्हणतात. ताईने स्वतःची तशीच समजूत घातली. घरात पोरगी पाय मोडून बसलेली, नवरा दूर, झोप अर्धवट, मग यंत्रातल्या बगला, म्हणजे साध्या चुकीलाही, माणूस नाक-डोळे चिकटवतो. तिने तो प्रश्न बाजूला ठेवला आणि दारांच्या परीक्षा घ्यायला घेतल्या.

दारांच्या बाबतीत दुभाष्याला एक शहाणपण शिकवलेलं होतं. एखादं काम करण्याआधी दुसरं काही करावं लागत असेल तर त्याने ते आपण होऊन करायचं आणि कंसात तसं सांगायचं. म्हणजे दार बंद असताना कोणी 'आत जा' म्हटलं, तर तो सांगे, '(आधी दार उघडून) तू आत जातेस.' खेळणाऱ्यांना ही सोय आवडते. बारीकसारीक गोष्टी सांगत बसावं लागत नाही.

ताईने टाइप केलं, 'स्वयंपाकघरात जा'.

'(आधी मुलीला बाजूला करून) तू स्वयंपाकघरात जातेस.'

तिने ते वाचलं. परत वाचलं. असं वाक्य दुभाष्याला बनवता येतच नव्हतं. बाजूला करणं ही क्रियाच तिने अजून लिहिली नव्हती. ती आठवड्यानंतर लिहायची म्हणून ठेवलेली होती.

आतल्या खोलीत बिट्टी खडूने भिंत रंगवत असावी, कारण अधूनमधून खरखर ऐकू येत होती. एरवी ताई ओरडली असती. आज तिला ती खरखर ऐकून बरं वाटलं.

तहान लागली म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघराकडे गेली. दारातून आत शिरताना आपण अंग चोरून, जरा तिरकं होऊन शिरलो, हे तिच्या ध्यानात आलं. दार चांगलं रुंद होतं. वाटेत काही ठेवलेलं नव्हतं. कोणाला धक्का लागू नये म्हणून आपण वळतो तशी ती वळली होती, आणि कोणासाठी वळलो ते तिला सांगता आलं नसतं. पाणी न पिताच ती परत आली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा आला. खेळ देण्याची तारीख तोंडावर आली होती आणि ताईकडून काही येत नव्हतं म्हणून तो स्वतःच थडकला. बिट्टीच्या प्लास्टरवर त्याने दाढीवाला हत्ती काढला, तिने त्याला 'मामा, हत्तीला दाढी नसते' म्हणून झापलं, आणि मग तो येऊन ताईच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"दाखव तुझं जुळं."

ताईने टाइप केलं.

'कोणत्या मुलीला? आतल्या खोलीतल्या, की खुर्चीमागच्या?'

धाकटा मोठ्याने हसला. "अगं, खुर्चीमागे मी आहे! याला मामा आणि मुलगी कळत नाही. चष्मा लाव त्याला."

ताईला हसू आलं नाही. "काल आधी पडद्यामागे म्हणत होता. मग कपाटापाशी."

"मग? ठिकाण कुठेतरी चुकीचं मोजलं जातंय."

"मोजायला दुसरी मुलगी तर हवी ना?"

धाकट्याने तिच्याकडे नीट बघितलं. बहीण दमली आहे एवढंच त्याला दिसलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. "ताई, ऐक माझं. तसाही हा दुभाष्या फार प्रश्न विचारतो. नमनालाच घडाभर तेल. खेळणाऱ्याला असं उलटं विचारलेलं आवडत नाही. एक ओळ घालून टाक. शंका आली की विचारायचं नाही, जी जवळ असेल ती घ्यायची."

"याला बग काढणं म्हणत नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणतात."

"तारीख गेली की आपल्या दोघांना सुळी. नंतर सावकाश शोध तुझा चोर."

एरवी ताईने ऐकलं नसतं. पण प्रश्न दर वेळी जवळचं ठिकाण सांगत होता, आणि खुर्चीमागच्या जागेनंतर आणखी जवळची जागा कोणती असेल, ते तिला वाचायचं नव्हतं. तिने ती ओळ घातली. 'शंका आल्यास जवळची घे.' पुन्हा टाइप केलं, 'मुलीला हाक मार'.

'तू मुलीला हाक मारतेस. मुलगी येते.'

"बघ! झालं की नाही?" धाकटा म्हणाला आणि चपला घालून गेला. ताईलाही मोकळं वाटलं. खरं सांगायचं तर फार मोकळं वाटलं.

५

धाकटा गेल्यावर ताईचा हात भराभर चालू लागला. दिवसभर अडलेलं काम सुटलं. ऊन उतरायला लागलं तसा डोळ्यांवर ताण यायला लागला. तिने नजर न उचलता हाक मारली, "बिट्टी, माझा चष्म्याचा डबा आण गं. तुझ्या उशाशी राहिलाय."

डबा हाताशी आला. टेबलावर हलकेच टेकला.

"शहाणी गं माझी," ताई म्हणाली, चष्मा लावला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

ती ओळ संपता संपता आतल्या खोलीत पलंग कुरकुरला. टप, ठक. टप, ठक. बिट्टी भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि रिकामे हात पसरून उभी राहिली.

"आई, डबा तिकडे नाहीये. सगळीकडे बघितलं मी."

ताईने मान वर केली. चष्म्यातून तिला बिट्टी अगदी स्वच्छ दिसत होती, प्लास्टरवरच्या हत्तीसकट.

"आणि तू शहाणी कोणाला म्हणालीस?" बिट्टीने विचारलं. गाल फुगले होते. "मी तर अजून उठतच होते."

ताईने टेबलावरच्या डब्याकडे बघितलं. "तुलाच," ती म्हणाली. "डबा इथेच होता, मलाच दिसला नाही." लेकीशी खोटं बोलताना आवाज कापला, तो बिट्टीला कळला की नाही कोण जाणे. ताईने लॅपटॉप तसाच मिटला, बिट्टीला कडेवर उचललं, दाराला कुलूप लावलं आणि सरळ धाकट्याचं घर गाठलं. "डोकं दुखतंय, आज इथेच राहते," एवढंच सांगितलं. काय सांगणार? त्या रात्री बिट्टी तिला चिकटून झोपली, आणि ताई तिच्या प्लास्टरवर हात ठेवून पडून राहिली. तो हत्ती हाताखाली होता तोवर ही आपलीच, याबद्दल शंका नव्हती.

पण ते प्लास्टर उद्या निघणार होतं.

६

दवाखान्यात बिट्टीने करवतीचा आवाज ऐकून आकाशपाताळ एक केलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतला पाय बघून मात्र ती गप्प झाली. दुसऱ्या पायाच्या निम्मा बारीक, पांढुरका, कातडीचे पापुद्रे सुटलेले. "असंच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेल लावा रोज. महिनाभर लंगडेल, घाबरू नका. भरून येईल."

धाकटा आणि त्याची बायको कामावर गेली होती. लॅपटॉप घरी होता, आणि ती ओळ त्यात होती. भर सकाळ होती, रस्त्यावर माणसं होती, शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या देत होता. आपल्याच घराला माणसाने भ्यायचं तरी किती? ताईने कुलूप उघडलं.

तिने आधी बिट्टीला आतल्या पलंगावर बसवलं. बारीक पायाला तेल चोळलं. हाडं हाताला लागत होती, आणि ते बघून तिला भडभडून आलं. रडून दमलेली बिट्टी तेल लावता लावताच झोपली. तिच्या अंगावर पांघरूण घालून ताई बाहेर आली आणि टेबल फिरवून अशी बसली, की समोर आतल्या खोलीचं दार दिसावं.

आता ती ओळ काढायची होती, बस. पण हात अडला. या कामात एक नियम असतो, आणि ताईने तो आयुष्यात कधी मोडला नव्हता. दुरुस्ती करण्याआधी चूक एकदा आपल्या डोळ्यांनी होताना बघायची. नाहीतर आपण काय दुरुस्त केलं तेच कळत नाही. तेव्हा ओळ तशीच ठेवून तिने परीक्षा घेतली. मनात होतं तेच टाइप झालं.

'मुलीला जवळ घे'.

'तू मुलीला जवळ घेतेस.'

आतून पावलं आली, भरभर, पळत. बिट्टी मांडीवर चढली आणि तिने आईच्या गळ्यात हात टाकले. ताईने डाव्या हाताने तिला पोटाशी धरलं, उजव्या हाताने ती ओळ शोधून पुसून टाकली. नजर स्क्रीनवर होती. "उठलीस पण लगेच?" ती म्हणाली. "शहाणी गं माझी."

मग देव पाण्यात घालून बसल्यासारखी बसून तिने पुन्हा टाइप केलं, 'मुलीला हाक मार'. आता शंका असती तर दुभाष्याने विचारलं असतं.

'तू मुलीला हाक मारतेस. ती इथेच आहे.'

प्रश्न आला नाही. कोणती म्हणून विचारलं नाही. एकच मुलगी होती! ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लेकीच्या केसांवर ओठ टेकले आणि तिचा तो बिचारा पाय कुरवाळायला हात खाली नेला.

पाय गुबगुबीत होता.

तिने दुसरा पाय चाचपला. तोही तसाच. दोन्ही सारखे, मऊ, कोरडे. तेलाचा ओशटपणा कशालाच नव्हता. आत्ता आली ती पावलं लंगडत आली नव्हती, हे तिला आता आठवलं. मांडीवर वजन होतं, गळ्यात हात होते, केसांना बिट्टीच्याच केसांचा वास होता. खाली बघायचं तिला धैर्य झालं नाही.

तिने टाइप केलं, 'दुसऱ्या मुलीला हाक मार'.

'इथे दुसरी मुलगी नाही.'

"इथे दुसरी मुलगी नाही," मांडीवरून कोणीतरी खुशीत वाचून दाखवलं, आणि तिच्या गळ्यातले हात जरा घट्ट झाले.

तेवढ्यात आतल्या खोलीत पलंग कुरकुरला. एक पाऊल टेकलं. मग दुसरं, फरफटत. पुन्हा एक टेकलं, पुन्हा एक फरफटत आलं. ताईची नजर समोरच्या दारावर खिळली. सगळा जीव गोळा करून तिने हाक मारली, "बिट्टी!"

"ओ, आई," मांडीवरून उत्तर आलं.

आतली पावलं थांबली.